न्यायाची भूक आणि नीतिमत्त्वाचा उपदेश

फादर स्टॅन स्वामी यांच्याविषयी मराठीत जे लेखन माझ्या वाचनात आले, त्यातील बरेचसे एका भांड्याभोवती फिरत राहिले आहे. ते भांडे म्हणजे पाणी पिण्याचा सिपर. कंपवाताने हात थरथरत असल्यामुळे ८३ वर्षांच्या या जेझुइट धर्मगुरूला पेला ओठाशी नेता येत नव्हता. ६ नोव्हेंबर २०२० रोजी त्यांनी विशेष न्यायालयात स्ट्रॉ आणि सिपरसाठी अर्ज केला. राष्ट्रीय तपास यंत्रणेने उत्तर देण्यासाठी २० दिवस मागून घेतले, आणि २६ नोव्हेंबरला सांगितले की या वस्तू आम्ही जप्त केलेल्याच नाहीत. ही हकीकत वाचून देशभर माणसे हळहळली. कित्येकांनी तुरुंगाच्या पत्त्यावर सिपर पाठविले.

मी नव्या मुंबईत शिकवितो. ज्या तळोजा मध्यवर्ती कारागृहात हे घडले ते आमच्या महाविद्यालयापासून फार दूर नाही. वर्गात हा विषय निघाला तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, शेवटी त्यांना स्ट्रॉ मिळाला का?" मी म्हटले, मिळाला. त्याचे समाधान झाले आणि तो खाली बसला. मला मात्र त्या दिवशी घरी गेल्यावर चैन पडेना. एका माणसाला खटला न चालविता कोंडून ठेवले होते, आणि आमचा प्रश्न स्ट्रॉपाशी येऊन संपला होता. दया अशीच असते. ती वस्तू देते आणि मोकळी होते. न्यायाचा प्रश्न तिच्या मनातही येत नाही.

म्हणून या लेखात स्टॅन स्वामींच्या मृत्यूवर अश्रू ढाळायचे नाहीत. त्यांचे जगणे, तुरुंगातून लिहिलेली त्यांची पत्रे आणि न्यायालयापुढील त्यांचे म्हणणे ही एक ख्रिस्ती साक्ष समजून तिची समीक्षा करायची आहे. ख्रिस्ती दृष्टीने खरा न्याय कोणता, आणि फुले-आंबेडकरी विचाराच्या कसोटीला तो कितपत उतरतो, हा आपल्यापुढील प्रश्न आहे.

१

या प्रश्नाची सुरुवात बाबासाहेबांपासून करावी लागते. 'ख्रिश्चनायझिंग द अनटचेबल्स' आणि 'द कंडिशन ऑफ द कन्व्हर्ट' हे त्यांचे दोन लेख त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाले नाहीत. महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेल्या त्यांच्या समग्र लेखनाच्या पाचव्या खंडात, १९८९ मध्ये, ते वाचकांसमोर आले. मिशनऱ्यांनी शाळा काढल्या, दवाखाने काढले, हे बाबासाहेब नाकारीत नाहीत. परंतु या सोयींचा मोठा लाभ उच्चवर्णीयांनीच उचलला, हे ते दाखवून देतात. त्यांचा खरा आक्षेप याहून खोलवर जातो. अस्पृश्याची अवनती त्याच्या सामाजिक परिस्थितीमुळे झाली असे न सांगता ती पापामुळे झाली अशी शिकवण त्याला दिली जाते, आणि त्यामुळे धर्मांतरित माणूस सामाजिक अन्यायाविरुद्ध उभा राहत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. परिस्थिती दोषी असेल तर ती बदलता येते. स्वतःचे पापच दोषी असेल तर माणूस गुडघे टेकून पश्चात्ताप करीत राहतो, आणि त्याला वेशीबाहेर ठेवणारा गाव तसाच निर्धास्त राहतो.

हा आक्षेप महाराष्ट्रातील ख्रिस्ती वाङ्मयालाही लागू पडतो. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' (१८५७) विधवांच्या दुःखाला प्रथम वाचा फोडते, आणि हे तिचे ऋण मोठे आहे. पण त्या दुःखावरील उतारा ती मुख्यतः धर्मश्रद्धेत शोधते. अहमदनगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनच्या आधाराने महार-मांगांची कुटुंबेच्या कुटुंबे ख्रिस्ती झाली. त्यांना अक्षरे मिळाली, पोटापुरती नोकरी मिळाली. त्यांच्या विद्रोहाचे वाङ्मय मात्र त्या प्रमाणात निर्माण झाले नाही. पंडिता रमाबाईंसारखा अपवाद आहे. १८९७ च्या प्लेगात पुण्यातील सरकारी इस्पितळात स्त्रियांची होणारी आबाळ पाहून त्यांनी वृत्तपत्रात पत्र लिहिले आणि ख्रिस्ती म्हणविणाऱ्या राजसत्तेलाच जाब विचारला. पण अपवादांची परंपरा बनली नाही.

२

ती का बनली नाही याचे एक कारण भाषेतही सापडते. नव्या करारात डोंगरावरील प्रवचनात येशू एका विशिष्ट भुकेची गोष्ट सांगतो. ज्यांना ही भूक लागली आहे ते धन्य, असे तो म्हणतो. मूळ ग्रीक ग्रंथातील शब्द 'दिकायोसुने' असा आहे. त्यात माणसाचा सदाचार येतो आणि समाजातील न्यायही येतो. चर्चमध्ये पिढ्यानुपिढ्या वाचल्या गेलेल्या मराठी बायबलात या ठिकाणी 'नीतिमत्त्व' हा शब्द आहे. तो चुकीचा आहे असे मी म्हणत नाही. परंतु 'नीतिमत्त्व' म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे दारू न पिणारा, खोटे न बोलणारा, वेळेवर प्रार्थनेला जाणारा गृहस्थ उभा राहतो. मजुरी बुडविणारा मालक आणि जामीन नाकारणारा कायदा डोळ्यांपुढे येत नाहीत. न्यायाची भूक अशा रीतीने नीतीच्या उपदेशात विरघळून गेली.

जुन्या करारात ही फारकत नाही. हिब्रू भाषेतील 'मिश्पात' म्हणजे न्यायनिवाडा आणि 'त्सेदाका' म्हणजे नीतियुक्त वर्तन हे दोन शब्द संदेष्ट्यांच्या तोंडी जोडीने येतात. तकोवा गावचा आमोस हा मेंढपाळ होता, पुरोहितांच्या घराण्यातील नव्हता. जोडाभर वहाणांच्या मोलाने गरिबाला विकणाऱ्यांवर त्याने आसूड ओढला. ज्या देशात न्याय नाही तेथील भजनांचा गलका देवाला नकोसा झाला आहे, असे त्याने उत्सवात दंग असलेल्या लोकांना सुनावले. ही भाषा आमच्या ओळखीची आहे. आमच्या संतांना आणि शाहिरांना ती सहज समजली असती.

आणखी एक गोष्ट लूकच्या शुभवर्तमानात आहे. एका नगरात एक न्यायाधीश होता. तो देवाला भीत नव्हता आणि माणसाची पर्वा करीत नव्हता. एक विधवा त्याच्याकडे रोज खेटे घालीत असे. शेवटी तिचा तगादा नको म्हणून त्याने तिला न्याय दिला. प्रवचनात ही गोष्ट बहुधा 'चिकाटीने प्रार्थना करा' असे सांगण्यासाठी वापरली जाते, आणि गोष्टीच्या प्रारंभी तसा हेतू दिलेलाही आहे. पण ती विधवा मागते काय, हे पाहिले पाहिजे. ती भाकरी मागत नाही, आसरा मागत नाही. ती आपल्या प्रतिवादीविरुद्ध न्याय मागते. कोर्टाच्या पायऱ्या झिजविणारी ही बाई आपल्या तालुक्याच्या कोणत्याही कचेरीत आजही दिसेल.

आणि ज्याच्या नावाने हा धर्म चालतो तो येशू स्वतः कोण होता? रात्री अटक झालेला, घाईघाईने चौकशी झालेला, ज्याच्यात दोष सापडत नाही असे न्यायाधीशानेच कबूल केले आणि तरीही ज्याला शिक्षा झाली, असा तो एक आरोपी होता. पिलाताने पाणी मागवून हात धुतले. कायद्याचे पालन झाले आणि न्याय मेला, असा हा प्रसंग आहे. क्रूस गळ्यात घालणाऱ्यांनी या खटल्याची आठवण किती ठेवली, हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

३

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ख्रिस्ती विचारात या भुकेची आठवण पुन्हा जागी झाली. पेरू देशातील गुस्ताव्हो गुतिएरेस यांचा मुक्तीच्या धर्मविचारावरील ग्रंथ १९७१ मध्ये आला. जेझुइटांच्या ३२ व्या महासभेने १९७४-७५ मध्ये ठरविले की श्रद्धेची सेवा करायची तर न्यायाचा पाठपुरावा टाळता येणार नाही. आपल्याकडे अरविंद निर्मल यांनी १९८१ मध्ये बंगलोरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात शूद्रांच्या धर्मविचाराची मांडणी केली, आणि तेथून दलित ख्रिस्ती धर्मविचाराची वाट सुरू झाली. स्टॅन स्वामी याच काळात घडले. तमिळनाडूतील तिरुचिरापल्ली जिल्ह्यात १९३७ मध्ये जन्मलेले हे गृहस्थ १९७५ ते १९८६ या काळात बंगलोरच्या इंडियन सोशल इन्स्टिट्यूटचे संचालक होते. पुढे ते झारखंडला गेले आणि २००६ मध्ये रांचीजवळ नामकुम येथे 'बगईचा' हे केंद्र उभे राहिले.

तेथे त्यांनी काय केले, हे नीट पाहिले पाहिजे. त्यांनी दवाखाना चालविला नाही. त्यांनी प्रश्न विचारले. पाचव्या अनुसूचीप्रमाणे आदिवासी सल्लागार मंडळे का चालत नाहीत? १९९६ चा पेसा कायदा गावात का पोहोचत नाही? जमिनीच्या मालकाचाच खाली असलेल्या खनिजावर हक्क आहे असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये म्हटले, मग आदिवासीची जमीन खाणीसाठी जाते तेव्हा त्याच्या हाती काय पडते? नक्षलवादी म्हणून तुरुंगात टाकलेल्या आदिवासी तरुणांचा त्यांनी अभ्यास केला. तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्या वर्षी या कच्च्या कैद्यांच्या बाजूने त्यांनी झारखंड उच्च न्यायालयात राज्य सरकारविरुद्ध जनहित याचिका केली. गोष्टीतल्या विधवेने जे स्वतःसाठी केले ते त्यांनी दुसऱ्यांसाठी केले.

बाबासाहेबांच्या आक्षेपाला हे सरळ उत्तर आहे, असे मला वाटते. आदिवासीच्या दुःखाचे कारण या धर्मगुरूने आदिवासीच्या पापात शोधले नाही. ते त्याने कायद्यात, खाणीत आणि पोलीस ठाण्यात शोधले.

याची किंमत त्यांना द्यावी लागली. भीमा कोरेगाव येथे १ जानेवारी २०१८ रोजी जो हिंसाचार झाला त्यानंतरच्या एल्गार परिषद प्रकरणात ८ ऑक्टोबर २०२० रोजी त्यांना रांचीत अटक झाली. आरोप त्यांनी नाकारले होते. त्यांच्या संगणकात कागदपत्रे बाहेरून घुसविण्यात आली, असा निष्कर्ष आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकन संस्थेने २०२२ मध्ये काढला. त्या वेळी स्वामी हयात नव्हते. २२ मार्च २०२१ रोजी विशेष न्यायालयाने त्यांचा जामीन नाकारला. २१ मे रोजी तुरुंगातून पडद्यावर ते उच्च न्यायालयापुढे आले. तळोज्याला आलो तेव्हा मी चालत होतो, लिहीत होतो, स्वतः आंघोळ करीत होतो, आता एकेक करून सारे नाहीसे होत आहे, असे त्यांनी सांगितले. सरकारी इस्पितळात जाण्यापेक्षा येथेच मरण पत्करीन, मला माझ्या माणसांत जाऊ द्या, एवढेच त्यांचे मागणे होते. २८ मे रोजी त्यांना वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात हलविण्याचा हुकूम झाला. ५ जुलै २०२१ रोजी जामिनाची सुनावणी सुरू झाली तेव्हा ते वारल्याचे न्यायालयाला कळविण्यात आले.

मृत्यूच्या अवघ्या काही दिवस आधीची एक गोष्ट सिपरच्या कहाणीत मागे पडली आहे. बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याच्या ज्या ४३ ड (५) या कलमामुळे जामीन जवळजवळ अशक्य होतो, त्या कलमाच्या वैधतेलाच त्यांनी उच्च न्यायालयात आव्हान दिले होते. स्वतःपुरती सवलत मागून ते थांबले नाहीत. आपल्यासारख्या सर्वांवर लादलेला नियमच तपासा, अशी त्यांची मागणी होती. मला त्यांची खरी साक्ष या अर्जात दिसते.

४

त्यांच्या मृत्यूनंतर बंगलोरच्या इंडियन सोशल इन्स्टिट्यूटने २०२१ मध्ये त्यांचे लेखन 'आय अॅम नॉट अ सायलेंट स्पेक्टेटर' या नावाने प्रसिद्ध केले. आपण मुकाट्याने पाहत बसणारे नाही, हे शब्द त्यांनी अटकेपूर्वीच्या निवेदनातही वापरले होते. या 'मी'कडे दलित साहित्याच्या वाचकाने बारकाईने पाहावे.

'बलुतं' (१९७८) आणि 'उपरा' (१९८०) या आत्मकथनांतील 'मी' स्वतःच्या देहावरील वळ दाखवितो. तो साक्षीदारही असतो आणि फिर्यादीही. स्वामींचा 'मी' तसा नाही. तो जन्माने त्या दुःखाचा वाटेकरी नाही. तो बाहेरून येऊन शेजारी उभा राहिला आहे. अशा लेखकाला आमच्या साहित्यात नेहमी एक धोका संभवतो. तो उपकारकर्त्याच्या स्वरात बोलू लागतो. तळोज्याहून लिहिलेल्या पत्रांत हा स्वर नाही. १३ फूट लांब आणि ८ फूट रुंद अशी कोठडी, तीत आणखी दोन कैदी, हे वर्णन ते हिशेब लिहावा तसे करतात. अरुण फरेरा आपल्याला जेवू घालतात, व्हर्नन गोन्साल्विस आंघोळीला मदत करतात, कोठडीतील सोबती कपडे धुतात आणि गुडघे चोळून देतात, असे ते नोंदवितात. सेवा करायला आलेला धर्मगुरू येथे सेवा घेणारा झाला आहे आणि त्याला त्याचा संकोच नाही. लगेच ते स्वतःकडून दुसऱ्यांकडे वळतात. आपल्यावर आरोप कोणते हेही ठाऊक नसलेले, आरोपपत्र कधी न पाहिलेले, वकिलाविना वर्षानुवर्षे पडून असलेले गरीब कैदी येथे आहेत, असे ते लिहितात. २०२१ च्या अखेरीस देशातील कैद्यांपैकी सुमारे ७७ टक्के कच्चे कैदी होते. पत्रातील चार ओळी त्या आकड्याला माणसाचा चेहरा देतात.

५

येथवर गौरव झाला. आता समीक्षकाने पुढचा प्रश्न टाळता कामा नये. एका स्वामीने बाबासाहेबांना उत्तर दिले. त्याच्या धर्मसंस्थेने दिले काय?

ज्या तिरुचिरापल्ली भागातून स्वामी आले त्याच शहरात, मेलपुदूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत, दलितांची थडगी आणि इतरांची थडगी यांच्यामध्ये भिंत घातली गेली. एकाच वेदीवरची भाकर खाल्लेली माणसे मेल्यावर वेगळी केली गेली. आपल्या गावातील मसणवट्याच्या वादाहून हे वेगळे नाही. तळोज्याच्या भिंतीविरुद्ध बोलणाऱ्या धर्मपीठाला आधी या भिंतीविषयी बोलावे लागेल. त्याशिवाय त्याच्या न्यायाला धार येणार नाही.

राज्यसंस्थेचा व्यवहारही याला पूरकच आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. तो १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळाला. ख्रिस्ती दलिताला तो मिळालेला नाही. सुसाई या ख्रिस्ती चर्मकाराची याचिका सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये फेटाळली. धर्मांतरानंतरही तेवढेच अपंगत्व राहते हे सिद्ध करा, असे त्याला सांगण्यात आले. चर्च सांगते, आमच्यात जात नाही. कायदा म्हणतो, तुमच्या धर्मात जात नाही, म्हणून सवलत नाही. दोन्ही वाक्यांना खोटे पाडणारी भिंत मात्र दफनभूमीत उभी आहे. बौद्ध वाचकांनी हा प्रश्न आपला नाही असे समजू नये. १९९० पूर्वी आपणही याच दारात उभे होतो.

दुसरा प्रश्न क्षमेचा. ख्रिस्ती न्यायाविषयी बोलताना क्षमेचे नाव हटकून निघते, आणि ती बहुधा पीडितालाच शिकविली जाते. खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. न्यायालयाने खून मान्य केला. पण तेथे जातीय अत्याचाराचा कायदा लागू पडतो हे सत्र न्यायालयाने मानले नाही आणि २०१० मध्ये उच्च न्यायालयानेही मानले नाही. ज्या गुन्ह्याचे नावच घ्यायचे नाही त्याची क्षमा कोणी आणि कशी करायची? भैयालाल भोतमांगे २०१७ मध्ये न्याय मागत मागतच वारले. त्यांना क्षमेचा उपदेश करण्याचा अधिकार कोणालाही नव्हता. क्षमा ही ज्याच्यावर घाव पडला त्याच्या मर्जीची गोष्ट आहे. बघ्यांनी ती त्याच्याकडून मागायची नसते.

शुभवर्तमानाचाही याला आधार आहे. जक्कय नावाचा जकातदार येशूकडे आला तेव्हा नुसत्या पश्चात्तापावर भागले नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याला लुबाडले त्याला चौपट परत करतो, असे त्याने सर्वांसमक्ष सांगितले. त्यानंतरच त्याच्या घरी तारण आल्याचे येशूने म्हटले. म्हणजे गुन्ह्याची कबुली, लुटलेल्याची परतफेड आणि मग सलोखा, असा हा क्रम आहे. आपल्या देशात सवर्ण समाज आणि धर्मसंस्था यांनी पहिल्या दोन पायऱ्या गाळून तिसरीवर उडी मारली आहे. खरा ख्रिस्ती न्याय हवा असेल तर हा क्रम पुन्हा लावावा लागेल.

६

नव्या मुंबईच्या मातीला ही परतफेडीची भाषा नवी नाही. सिडकोने घेतलेल्या जमिनीच्या प्रश्नावर दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आगरी-कोळी शेतकरी उठले. जानेवारी १९८४ मध्ये जासई-नवघर परिसरात पोलिसांच्या गोळीबारात ५ शेतकरी हुतात्मे झाले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना त्या रक्तातून आली. त्या शेतकऱ्यांची मागणी अन्नछत्राची नव्हती. त्यांनी आपला हिस्सा मागितला. झारखंडातील खनिजाविषयी स्वामी जे विचारीत होते ते याहून निराळे नव्हते.

याच तळोज्यात आनंद तेलतुंबडेही होते. त्यांची अटक १४ एप्रिल २०२० ची, म्हणजे आंबेडकर जयंतीची. ते बाहेर आले २६ नोव्हेंबर २०२२ रोजी, म्हणजे संविधान दिनी. क्रूसाचा विचार आणि संविधानाचा विचार मानणारी माणसे एकाच प्रकरणात एकाच तुरुंगात कोंडली गेली, हा योगायोग मला अर्थपूर्ण वाटतो. श्रद्धेच्या प्रश्नावर आपण स्वामींबरोबर जाऊ शकत नाही, जाण्याची गरजही नाही. पण कागदावरचा हक्क माणसाच्या हाती पडेपर्यंत खेटे घालीत राहणे, ही गोष्ट दोघांच्या वाटेवर सारखी आहे. स्वामींचे नाव आरोपातून मुक्त व्हावे म्हणून फादर फ्रेझर मस्कारेन्हस यांनी डिसेंबर २०२१ मध्ये उच्च न्यायालयात याचिका केली. विधवेचा तगादा मरणानंतरही चालू राहिला.

त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे मी पुन्हा येतो. त्याचा प्रश्न निर्मळ होता, अपुरा होता. कार्यकर्त्यांनी, शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी आपापल्या जिल्ह्यातील तुरुंगाविषयी तो पुरा करून विचारावा. आत कच्चे कैदी किती आहेत? त्यांत आपल्या वस्तीतले, पाड्यावरचे किती? त्यांना वकील आहे काय? त्यांचा खटला कधी उभा राहणार? माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहायला कोणत्याही धर्माची दीक्षा लागत नाही. पुढल्या आठवड्यात वर्गात आम्ही तो लिहिणार आहोत.